दुसरं मत आणि नकाशावरची रेघ : मोंटाना, १९१६

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकते. आजच्या एपिसोडमध्ये ‘काँग्रेस’ हा शब्द बऱ्याचदा येणार आहे. तो आपल्याकडचा पक्ष नव्हे. अमेरिकेच्या संसदेचं नावच काँग्रेस आहे. तिची दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधिगृह म्हणजे साधारण आपली लोकसभा, आणि दुसरं सिनेट. आज आपण बोलणार आहोत ते प्रतिनिधिगृहाच्या एका निवडणुकीबद्दल. साल १९१६, राज्य मोंटाना.

त्या निवडणुकीत जॅनेट रँकिन नावाची ३६ वर्षांची बाई जिंकली. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेली ही पहिली स्त्री. आता जरा तारखांकडे बघा. अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन देशभरच्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये. म्हणजे देशातल्या बहुतेक बायका मत देऊ शकत नव्हत्या, तेव्हा एक बाई खासदार होऊन राजधानीत पोचली होती. आणि ती न्यूयॉर्क किंवा बॉस्टनची नव्हती. ती आली होती गुरं, गहू, जंगल आणि खाणी असलेल्या, आडबाजूच्या एका ग्रामीण राज्यातून.

‘पहिली महिला’ छापाच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो. त्यात धैर्य असतं, जिद्द असते, आणि शेवटी पुतळा असतो. इथेही ते सगळं आहे. पण ही गोष्ट वाचताना मला जास्त गुंतवलं ते एका कोरड्या वाटणाऱ्या तपशिलाने. मतदाराला किती मतं द्यायची होती, आणि मतदारसंघाची हद्द कुठे होती? जॅनेट कशी जिंकली आणि नंतर कशी बाहेर फेकली गेली, हे समजायला या दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. म्हणून आज धैर्याबरोबर नियमांबद्दलही बोलूया. कंटाळा येणार नाही, शब्द देते.

माणसं थोडी, अंतरं फार

आधी मोंटाना डोळ्यांसमोर आणा. कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं राज्य. क्षेत्रफळ जवळपास ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे मोंटाना आपल्यापेक्षा बराच मोठा. आणि १९१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती ३ लाख ७६ हजार! आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी माणसं, महाराष्ट्रापेक्षा मोठ्या प्रदेशात विखुरलेली. चौरस किलोमीटरला एक माणूससुद्धा पुरा पडत नाही.

पश्चिमेला रॉकी पर्वत, जंगलं आणि खाणी. पूर्वेला नजर पोचेल तिथवर मोकळं माळरान. त्या माळरानावर तेव्हा लोकांची रीघ लागली होती. सरकारचा ‘होमस्टेड’ कायदा होता. जमिनीवर हक्क सांगायचा, तिथे राहायचं, काही वर्षं कसायची, की ती तुमच्या नावावर. १९०९ पासून कोरडवाहू भागात एकेकाला ३२० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. रेल्वे कंपन्यांनी जाहिराती करकरून माणसं आणली. आणि आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं म्हणजे अविवाहित आणि विधवा बायकांनाही या कायद्याखाली स्वतःच्या नावावर जमीन घेता येत होती. अनेकींनी घेतलीही. लाकडी खोपटात एकटीने राहून जमीन नावावर करून घेणारी बाई तिथे अगदी रोज नाही, पण दिसायची.

म्हणून असेल, पण बायकांना मताचा हक्क देण्यात अमेरिकेचा हा पश्चिम भाग पुढे होता. शेजारच्या वायोमिंगने तर तो १८६९ मध्येच दिला होता. मोठमोठी विद्यापीठं आणि वर्तमानपत्रं असलेला पूर्व किनारा मात्र मागे होता.

आणखी एक पात्र ओळखून ठेवा. मोंटानात ब्यूट नावाचं गाव आहे. त्याच्या पोटात प्रचंड तांबं. तिथे राज्य होतं ॲनाकोंडा कॉपर मायनिंग कंपनीचं. लोक तिला नुसतं ‘कंपनी’ म्हणायचे. खाणी तिच्या, जंगलं तिची, राज्यातली बरीचशी वर्तमानपत्रं तिच्या मुठीत. कंपनीच्या मनाविरुद्ध राजकारण करायचं म्हणजे छापील शाईशिवाय करायचं.

आधी रस्ते पाठ झाले

जॅनेटचा जन्म १८८० चा, मिझुला गावाजवळच्या रँचवर. तेव्हा मोंटाना राज्यही झालं नव्हतं, ते झालं १८८९ मध्ये. वडील रँच चालवायचे, लाकडाचा आणि बांधकामाचा धंदा करायचे. आई लग्नाआधी शाळामास्तरीण होती. भावंडांत जॅनेट सगळ्यात थोरली. १९०२ मध्ये तिने जीवशास्त्रात पदवी घेतली, मग शाळेत शिकवलं, न्यूयॉर्कला जाऊन समाजकार्य शिकली, आणि त्या कामात फार मन रमेना म्हणून बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत शिरली.

१९११ मध्ये ती मोंटानाच्या विधिमंडळासमोर मताधिकारावर बोलली. त्या सभागृहात भाषण करणारी ती पहिली स्त्री. प्रस्ताव तेव्हा मंजूर झाला नाही. पण पुढे हा प्रश्न राज्यातल्या मतदारांपुढे, म्हणजे अर्थातच पुरुषांपुढे, सार्वमताला आला. १९१४ च्या नोव्हेंबरात मोंटानाच्या पुरुषांनी बायकांना मत द्यायचं ठरवलं, तेही चार हजारांहून कमी मतांच्या फरकाने. म्हणजे काठावर.

त्या मोहिमेत जॅनेटने अख्खं राज्य पालथं घातलं होतं. कुठल्या गावात आगगाडी थांबते, कुठे पुढे घोडागाडी लागते, कुठल्या खाणीची पाळी किती वाजता सुटते, कुठल्या एकखोली शाळेत संध्याकाळी लोक जमतात, हे तिला पाठ झालं होतं. आणि प्रत्येक गावात ओळखीच्या दोन-चार बायका होत्या, ज्या निरोप पोचवायच्या. १९१६ मध्ये ती उभी राहिली, तेव्हा पक्षाच्या कार्यालयापेक्षा हे जाळं तिच्या जास्त कामाला आलं.

खरं तर चळवळीतल्याच काहींना तिचं उभं राहणं घाईचं वाटत होतं. आधी राज्यात लहानशी जागा लढव, असा सल्ला होता. पाठीशी ठामपणे उभा राहिला तो धाकटा भाऊ वेलिंग्टन. तो वकील होता, राजकारण कळणारा होता, आणि पैसेही त्यानेच घातले. जॅनेट रिपब्लिकन पक्षाकडून उतरली. अमेरिकेत पक्षाची उमेदवारी वरून येत नाही. त्यासाठीही आधी मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. त्या प्रायमरीत तिने इतर सगळ्या पुरुष उमेदवारांना मागे टाकलं.

दुसरं मत

आता नियमाकडे या. मोंटानाला तेव्हा प्रतिनिधिगृहात दोन जागा होत्या. पण राज्याचे दोन तुकडे केलेले नव्हते. अख्खं राज्य हा एकच मतदारसंघ, त्यातून दोन जण निवडायचे. प्रत्येक मतदाराला दोन मतं, आणि सगळ्यात जास्त मतं मिळवणारे पहिले दोघे विजयी.

आपल्याकडेही असं होतं, बरं का. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ दुहेरी होते. त्यात एक जागा सर्वसाधारण, एक राखीव आणि मतदाराला दोन मतं. मुंबईतला असाच एक दुहेरी मतदारसंघ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला, आणि नारायण काजरोळकरांकडून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. दुसरं मत मुद्दाम वाया घालवायला सांगितलं गेलं, मतं ‘कुजवली’ गेली, असा आरोप झाला आणि त्यावर निवडणूक याचिकाही दाखल झाली. १९६१ मध्ये कायदा करून ही दुहेरी पद्धत आपल्याकडे बंद झाली. सांगायचा मुद्दा हा की दुसरं मत दिसतं साधं, पण ते कुठे जातं यावर माणसं पडतात आणि निवडून येतात.

मोंटानात त्या दुसऱ्या मताने जॅनेटला हात दिला. विचार करा. १९१६ सालचा एक शेतकरी आहे. बाई राजधानीत जाऊन काय करणार, असं त्याला वाटतंय. त्याच्याकडे एकच मत असतं, तर ते त्याने आपल्या भागातल्या, आपल्या ओळखीच्या पुरुषालाच दिलं असतं. पण हातात दोन मतं आहेत! एक आपल्या माणसाला दिलं, दुसरं उरलंच. जॅनेटचा प्रचार नेमका हाच होता. तुमच्या भागातल्या उमेदवाराला मत द्या, आणि दुसरं मला द्या. कोणाला नको म्हणायची वेळच ती मतदारावर आणत नव्हती.

मुद्देही तिने लपवले नाहीत. देशभर बायकांना मत, मुलांच्या संरक्षणाचे कायदे आणि दारूबंदी. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. आपण युद्धाच्या विरोधात आहोत, हेही तिने उघडपणे सांगितलं. त्यात तेव्हा धाडस फार नव्हतं, कारण राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा स्वतःचा प्रचार ‘आम्ही देशाला युद्धाबाहेर ठेवलं’ असाच होता.

मतदानाच्या दिवशी तिच्या कार्यकर्त्यांनी टेलिफोन हाती घेतला. घरोघर फोन करून विचारत होत्या, की जॅनेट रँकिनला मत दिलंत का? आज आपल्याला रेकॉर्ड केलेले प्रचाराचे कॉल येतात आणि आपण वैतागून कट करतो. १९१६ मध्ये पलीकडे ओळखीच्या बाईचा आवाज असायचा.

७ नोव्हेंबरला मतदान झालं. पहिली बातमी आली ती जॅनेट हरल्याची. पण मोंटानात मतपेट्यांचे आकडे दूरदूरच्या गावांतून यायचे होते. ते येत गेले, आणि चित्र बदललं. डेमोक्रॅट पक्षाचे जॉन एव्हान्स पहिले आले. जॅनेट त्यांच्यापेक्षा साधारण ७,६०० मतांनी मागे, पण तिसऱ्या उमेदवारापेक्षा सुमारे ६,००० मतांनी पुढे. म्हणजे दुसरी. आणि जागा दोन होत्या.

यातली गंमत बघा. त्या वर्षी मोंटानाने राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट विल्सन यांना निवडलं. जॅनेटच्या रिपब्लिकन पक्षाचा दुसरा उमेदवार पडला. वारं उलट्या दिशेचं होतं, आणि तरी ती आली. दोन्ही पक्षांत वाटून मत देणारी माणसं असल्याशिवाय हे होत नाही.

आणि हेही सांगायला हवं की या निवडणुकीत सगळे नव्हते. मोंटानाच्या मूळ रहिवासी आदिवासींपैकी बहुतेकांना अमेरिकेचं नागरिकत्वच नव्हतं. त्यासाठीचा सर्वांना लागू होणारा कायदा झाला तो १९२४ मध्ये. ज्यांची ती जमीन होती, त्यांच्यातल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांनाही जॅनेटला किंवा दुसऱ्या कोणाला मत देता आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात युद्ध

२ एप्रिल १९१७. जॅनेटने शपथ घेतली. स्वागत झालं, फुलं आली, फोटो निघाले. आणि त्याच संध्याकाळी विल्सन यांनी दोन्ही सभागृहांपुढे येऊन जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. युद्धाबाहेर ठेवलं म्हणून मतं मागितलेले तेच विल्सन.

ताण कल्पना करा. चळवळीतल्या अनेक जणी म्हणत होत्या, तू विरोधात मत दिलंस तर लोक म्हणतील बायका भावनेच्या भरात निर्णय घेतात, आणि मताधिकाराचं आपलं सगळं काम मागे जाईल. वेलिंग्टनही तिला समजावत होता, की बाजूने मत दे, नाहीतर पुन्हा निवडून येणार नाहीस. दुसऱ्या बाजूला शांततावादी मैत्रिणी होत्या.

६ एप्रिलच्या पहाटे मतदान झालं. नाव पुकारलं तेव्हा फक्त हो किंवा नाही म्हणायचं, भाषण करायचं नाही, असा तिथला रिवाज. जॅनेट उभी राहिली आणि म्हणाली, मला माझ्या देशाच्या बाजूने उभं राहायचं आहे, पण मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही. निकाल लागला ३७३ विरुद्ध ५०.

५० जणांनी विरोध केला. त्यातले ४९ पुरुष होते. पण वर्तमानपत्रांत गाजली ती एकटी जॅनेट, आणि ती रडली की नाही हा विषय. त्या रात्री काही पुरुष सदस्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यावरून सगळ्या पुरुषजातीला मत द्यावं का, असं कोणी विचारलं नाही.

दोनच महिन्यांनी, ८ जूनला, ब्यूटमधल्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागली. १६० हून अधिक कामगार गेले. अमेरिकेतल्या कठीण दगडाच्या खाणींमधला हा सगळ्यात भीषण अपघात मानला जातो. ही खाण ॲनाकोंडाची नव्हती, दुसऱ्या कंपनीची होती. पण सगळ्या खाणींतले कामगार संपावर गेले. जॅनेट ब्यूटला गेली, हजारो कामगारांपुढे बोलली, आणि सरकारने गरज पडल्यास खाणी ताब्यात घ्याव्यात यासाठी काँग्रेसमध्ये प्रयत्न केले. झालं, आता ‘कंपनी’ उघडपणे विरोधात. आणि मघाशी सांगितलं तसं, राज्यातली शाई कंपनीच्या हातात होती.

रेघ

आणि याच १९१७ सालात मोंटानाच्या विधिमंडळाने निवडणुकीचा नियम बदलला. दोन जागांचा एक मोठा मतदारसंघ गेला. राज्याच्या मधून रेघ ओढली गेली. पश्चिमेचा एक मतदारसंघ, पूर्वेचा एक. प्रत्येक मतदाराला एकच मत.

जॅनेटचं गाव मिझुला आलं पश्चिमेत. पश्चिमेत डेमोक्रॅट पक्षाचा जबरदस्त जोर, आणि १९१६ मध्ये पहिले आलेले जॉन एव्हान्सही तिथलेच. पूर्वेच्या माळरानावरच्या शेतकऱ्यांनी दिलेली मतं आता तिच्या उपयोगाची राहिली नाहीत. आणि ते दुसरं मत तर अस्तित्वातच उरलं नाही. कायद्यात कुठेही तिचं नाव नव्हतं. नकाशात कधीच कोणाचं नाव नसतं. शिवाय एकेका जागेचा वेगळा मतदारसंघ ही काही जगावेगळी गोष्टही नव्हती. तरी त्या रेघेने तिच्या जिंकण्याची वाट बंद केली, हे खरं आहे.

मग तिने काय करावं? तिने सिनेटची निवडणूक लढवायचं ठरवलं. कारण सिनेटसाठी अजूनही अख्खं राज्य एकच मतदारसंघ होतं. हिशेब बरोबर होता, पण अर्धाच. इथे जागा एक आणि मतही एकच होतं. ‘तुमचा माणूस निवडा आणि दुसरं मला द्या’ हे म्हणायची सोयच नव्हती. १९१८ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत ती सुमारे १,७०० मतांनी हरली. नंतर एका छोट्या पक्षाकडून मुख्य निवडणुकीत उतरली, तर तिसरी आली. युद्धविरोधी म्हणून बदनामी, कंपनीचा विरोध, सगळं अंगावर असताना तिला सुमारे पाचवा हिस्सा मतं पडली. जुन्या नियमात कदाचित तेवढ्याने लढत झाली असती. नव्या नियमात तेवढी मतं म्हणजे घरी बसणं.

पण जाण्याआधी एक काम झालं. १० जानेवारी १९१८ ला देशभरच्या बायकांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात आली, आणि त्या चर्चेची सुरुवात जॅनेटने केली. त्या दिवशी ठराव २७४ विरुद्ध १३६ मतांनी संमत झाला. सिनेटमध्ये अडकला, पुन्हा आणावा लागला, १९२० मध्ये घटनेत आला. पण बायकांच्या मतावरच्या त्या चर्चेत सभागृहात मत असलेली एक बाई हजर होती, आणि ती मोंटानाच्या दुसऱ्या मतांनी तिथे पाठवलेली होती.

बावीस वर्षांनी पुन्हा

यानंतरची बरीच वर्षं ती शांततेच्या चळवळीत राहिली. आणि १९४० मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, पुन्हा उभी राहिली. त्याच पश्चिम मतदारसंघातून. म्हणजे तिला बाहेर ठेवणाऱ्या रेघेच्या आतून!

या वेळी पद्धत वेगळी. तिने मतदारसंघातली पन्नासहून जास्त हायस्कुलं गाठली. मुलांशी युद्धाबद्दल बोलली. ज्यांना मत नाही त्यांच्यासमोर भाषण कशाला, असं वाटेल. पण युद्ध झालं तर जाणार होती तीच मुलं, आणि घरी जाऊन आईवडिलांना सांगणारीही तीच. प्रायमरीत तिने स्वतःच्याच पक्षाच्या विद्यमान खासदाराला हरवलं. ज्यूंविरुद्ध विखारी बोलण्यासाठी तो कुप्रसिद्ध होता. मग मुख्य निवडणूकही जिंकली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर. ८ डिसेंबरला जपानविरुद्ध युद्धाचा ठराव. बोलायला परवानगी मागितली, मिळाली नाही. प्रतिनिधिगृहात ३८८ बाजूने आणि विरोधात एक. ती एक म्हणजे जॅनेट. बाहेर पडताना लोक इतके खवळलेले होते की तिला टेलिफोनच्या बूथमध्ये शिरावं लागलं, आणि पोलिसांनी तिला कार्यालयापर्यंत पोचवलं. भावाची तार आली, की मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे. १९४२ मध्ये ती उभीच राहिली नाही.

माझं मत विचाराल, तर १९१७ चं तिचं मत मला पटतं, १९४१ चं पटत नाही. हल्ला झालेला होता, आणि समोर कोण होतं हे जगाला कळून चुकलं होतं. पण मला एक प्रश्न सोडत नाही. १९४० मध्ये तिला निवडून देणाऱ्या लोकांना तिची भूमिका पाठ होती. ती त्यांनी निवडलेलीच बाई होती. वर्षभरात लोकांचं मन बदललं, तिचं नाही बदललं. मग प्रतिनिधीने कोणाशी प्रामाणिक राहायचं? आज रागावलेल्या मतदाराशी, की ज्या शब्दावर मत मागितलं त्या शब्दाशी? तुमचं उत्तर मला कमेंटमध्ये वाचायला आवडेल. मला ते एका वाक्यात देता येत नाही.

भारत, आणि म्हातारपणीचा हट्ट

आपल्याशी तिचा एक धागा आहे. गांधीजींच्या विचारांनी ती भारावली होती. १९४६ मध्ये ती पहिल्यांदा भारतात आली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत पुन्हा पुन्हा येत राहिली. युद्धाला नुसतं ‘नाही’ म्हणून थांबायचं नसेल तर करायचं काय, हे तिला इथे शोधायचं होतं. १९६८ च्या जानेवारीत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांनी वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढला, तेव्हा पुढे ही ८७ वर्षांची जॅनेट होती. १९७३ मध्ये, ९३ व्या वाढदिवसाच्या काही आठवडे आधी ती गेली.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. म्हातारपणी शांततेइतकाच तिचा आणखी एक हट्ट होता. एका मतदारसंघातून एकाहून जास्त सदस्य निवडा, आणि राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी, पसंतिक्रमाने निवडा. म्हणजे आयुष्याच्या शेवटी ती परत त्या दुसऱ्या मताकडेच आली होती. आपण कशामुळे जिंकलो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

आता आजचं सांगते. लोकसंख्या कमी पडल्यामुळे मोंटानाला मधली बरीच वर्षं एकच जागा उरली होती. २०२० च्या जनगणनेनंतर दुसरी परत मिळाली, आणि २०२२ पासून पुन्हा पश्चिम आणि पूर्व असे दोन मतदारसंघ आहेत. आणि २०२४ च्या निवडणुकीपर्यंत मोंटानातून काँग्रेसच्या कुठल्याही सभागृहात निवडून गेलेली स्त्री एकच. जॅनेट रँकिन. देशात सगळ्यांत आधी बाई पाठवणाऱ्या राज्याने त्यानंतर दुसरी पाठवलेलीच नाही.

रेघ आपल्याकडेही सरकते. त्याला आपण मतदारसंघांची पुनर्रचना म्हणतो. २००९ च्या लोकसभा निवडणुकीआधी ती झाली, तेव्हा कराड आणि पंढरपूर ही लोकसभेची नावं यादीतून गेली आणि माढा हे नवं नाव आलं. पुढची पुनर्रचना कधी आणि कशी, यावर आत्ता देशभर वाद चालू आहे. बातमीत नकाशा आला की आपला अंगठा पुढे सरकतो, कारण त्यात ना भांडण दिसतं ना चेहरा. पुढच्या वेळी तेवढं एक मिनिट थांबा. आपलं गाव कुठल्या बाजूला गेलं, आपल्याबरोबर कोणती गावं आली, कोणती सुटली, एवढं बघा. उमेदवार कोण हे नंतर कळतंच.

चला, आजच्यापुरतं इतकंच. एपिसोड आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. खास करून त्या काकांना, ज्यांना वाटतं की निवडणूक म्हणजे फक्त सभा आणि लाट. भेटूया पुढच्या भागात.